भिंतीवरची ओटी

कापसाची वेचणी सुरू झाली की माझ्या मशीनवर पुरुषांचे शर्ट येऊ लागतात. मी बायकांचे कपडे शिवते, दारावर पाटीही तशीच आहे, पण दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे दोन महिने ब्लाउजाचं कापड घेऊन कुणी फिरकत नाही. येतात ते नवऱ्यांचे, दिरांचे, क्वचित वारलेल्या सासऱ्यांचे लांब बाह्यांचे जुने शर्ट. बाही मनगटाशी आवळून दे, गळ्याचं बटण नीट लाव, एवढंच काम. बोंड उकललं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुयांसारखी होतात आणि हात ओरबाडतात. म्हणून साडीवर शर्ट, डोक्याला रुमाल आणि पोटावर ओटी. आमच्याकडे आश्विन-कार्तिकात बाई अशी दिसते. लांबून पाहिलं तर बाई की बुवा ते कळत नाही, आणि जवळून पाहायला कुणाला वेळ नसतो.

ओटी म्हणजे जुन्या धोतराचा नाहीतर खताच्या पोत्याचा चौकोन. वरची दोन टोकं कमरेमागे गाठवायची, खालची दोन वर घेऊन बाजूला खोचायची, की पोटापुढे झोळी तयार. दोन्ही हातांनी वेचायचं आणि झोळीत टाकत पुढं सरकायचं. भरलेल्या ओटीची बाई जरा मागे झुकून चालते, पाय फाकवून, एक हात कमरेवर ठेवून. सवाष्णीची नारळ-तांदळाची ओटी भरतात ती वेगळी आणि ही वेगळी. शब्द मात्र एकच. त्या एका शब्दानं एका हंगामात आमची जी फजिती केली ती यंदाचा पहिला शर्ट हातात आला तेव्हा आठवली, आणि सुई हातातच राहिली.

तो जिल्हे फुटले तेव्हाचा हंगाम. तेलंगण राज्य नवं होऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. निर्मल वेगळं, मंचिर्याल वेगळं, आसिफाबाद वेगळं. आमचं गाव आदिलाबादेतच राहिलं, पण गावाचं मंडल झालं, म्हणजे तहसीलदार, दफ्तर, शिक्के सगळं इथंच. ज्या कामासाठी दोन गाड्या बदलाव्या लागत ते आता चपला घालून होणार होतं. माझे सासरे तेव्हा होते. निजामाचं राज्य, मग हैदराबाद, मग आंध्र, मग तेलंगण, सगळं त्यांनी ओसरीवर बसून पाहिलेलं. ते म्हणाले, "मी हाय तिथंच बसून हाय. सरकारच फिरून राह्यलं."

वर्तमानपत्रात नवा नकाशा आला तो मी मशीनसमोर चिकटवला. माझ्या धंद्याच्या नजरेनं पाहिलं. एका कापडाचे चार तुकडे करायचे तर प्रत्येक कडेला दोन बोटं जास्तीचं कापड सोडावं लागतं, त्याला आम्ही माया म्हणतो. पुढं अंग भरलं तर शिलाई उसवून माया सोडता येते. नकाशात मला कुठं माया दिसली नाही. पण मला विचारलं कुणी.

नवं दफ्तर एका जुन्या कापसाच्या गोदामात थाटलं गेलं. त्याची बाजाराकडची भिंत लांबलचक आणि कोरी. नवे साहेब गोदावरीपलीकडचे, तेलुगू बोलणारे, स्वभावानं बरे, थोडे घाबरट. वरचे मोठे साहेब पाहणीला येणार होते, आणि कोरी भिंत बघून ह्यांना झोप लागेना. त्यांनी ठरवलं, भिंतीवर महिला शेतकऱ्याचं चित्र काढायचं. चित्र काढायला निर्मलहून एक बाई आली. नाव स्रवंती, वय तिशीच्या आसपास, हैदराबादला चित्रकला शिकलेली. गावात लॉज नाही आणि माझ्याकडं बायकांची ये-जा, म्हणून ती माझ्या पुढच्या खोलीत उतरली. तिला तेलुगू आणि हैदराबादी हिंदी यायची, मला मराठी आणि बाजारापुरती हिंदी. तेवढ्यावर आमचं छान चाललं. ती मला अक्का म्हणायची.

तिच्या घरात तीन पिढ्या निर्मलची चित्रं काढतात. काळ्या पाटीवर सोनेरी बायका. तशी एक इथल्या हेडमास्तरांच्या भिंतीवर आहे. तिची कंबर अशी की माझी टेप दोन वेढे घेऊनही लोंबत राहील. अशा बाईचा ब्लाउज शिवणं सोपं, पण ती दोन घागरी उचलेल का, ह्याची मला शंका आहे. स्रवंतीला त्या सोनेरी बायकांचा लहानपणापासून कंटाळा आला होता. ती म्हणाली, मी खरी बाई काढते. आजकाल मोठमोठे चित्रकार असंच काढतात, फोटोसारखं, पण फोटोपेक्षा खरं. आणि तिनं मोबाइल उघडला.

शेकडो चित्रं होती. मी चष्मा लावून सगळी पाहिली. कातडी काय काढली होती. शिरा, तीळ, दंडावर इलॅस्टिकचा वळ. पण एक गोष्ट पाहून मी चक्रावले. त्यातली एकही बाई काही करत नव्हती. एक खिडकीजवळ बसलेली. एक पलंगावर पडलेली, तेही भरदुपारी. एक न्हाऊन पाठमोरी. एकीच्या मांडीवर पुस्तक होतं, तेही मिटलेलं. मी विचारलं, ह्या सगळ्यांना इतका वेळ बसायला सांगितलं कुणी? स्रवंती म्हणाली, चित्रकारानं. मग मला कळलं. ते बाई काढत नव्हते, बसून राहिलेली बाई काढत होते. ते खरंच होतं म्हणा, कारण ती खरंच त्यांच्यापुढं बसून राहिली होती.

एक चित्र तिनं जरा थांबून दाखवलं. साठीची बाई, अंगावर काही नाही, पोटाला घड्या, घड्यांत ऑपरेशनची खूण. स्रवंती चित्राकडं न बघता माझ्याकडं बघत होती, मी लाजते का ते पाहत असावी. मी वीस वर्षं पडद्याआड बायकांची मापं घेतली आहेत, मला कसली लाज. मी म्हटलं, चित्र चांगलं आहे, पण टाके घातल्यावर खूण इतकी सरळ राहत नाही, एका बाजूला ओढली जाते. तिनं ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून ती माझी मापांची वही कादंबरी वाचावी तशी वाचायची. कुणाचा उजवा खांदा अर्धा इंच खाली, कुणाचा डावा दंड जाड, कुणाची पाठ छातीपेक्षा रुंद. एकाही बाईचे दोन खांदे सारखे नाहीत म्हणून तिला कोण आनंद झाला. मला त्याचा त्रास होतो, तिला आनंद झाला.

तिला वेचणारी बाई हवी होती. मी माझ्या धाकट्या जावेचं नाव सुचवलं. शकू. तिच्याइतका स्वच्छ कापूस गावात कुणी वेचत नाही, पालापाचोळ्याचा कण नसतो. शकू तेव्हा चाळिशीला टेकलेली, अंगानं भरलेली, चेहरा रापलेला. आधी ऐकेचना. "माहं तोंड काऊन काढता? माही पाठ काढा. पाठ बरी हाय." मी म्हटलं, सरकारी भिंतीवर पाठ कशी दाखवायची, गुन्हा होईल. ती हसली आणि तयार झाली. म्हणजे तिला उभं करणारी मी. हे आधीच सांगून टाकते.

ठरल्या सकाळी मी शेतात गेले तर बाई नेहमीच्या अवतारात. नवऱ्याचा, म्हणजे माझ्या दिराचा, नामदेवचा कोपरावर विरलेला शर्ट, आणि पोटावर खताच्या पोत्याची ओटी, त्यावर कंपनीची हिरवी अक्षरं. मला ते बघवेना. आयुष्यात एकदा भिंतीवर चढायचं आणि अशा सोंगात? स्रवंतीला मी धुऱ्यावरच, शेताच्या कडेला, थांबवून ठेवलं. शर्ट उतरवला. घरून आणलेली शकूची हळदी रंगाची चांगली साडी पिशवीतून काढून आधीच्या साडीवरूनच नेसवली. ओटी तोवर भरली होती, ती सोडायला शकू तयार होईना, सकाळपासूनचा वेचा होता. मग मी पदर पुढून ओढून घेतला, ओटीवरून छान गोल बसवला, चुण्या सारख्या केल्या आणि खांद्याला पिन लावली. लांब जाऊन पाहिलं. एक सुरकुती नव्हती. मग स्रवंतीला हाक मारली.

ती आली, शकूकडं पाहून थबकली आणि मला हळूच विचारलं, अक्का, ह्यांचं पुढून असं? मी म्हटलं, ओटी भरली आहे ना. तिनं मान डोलावली, एकदम आदरानं. आता तेलुगूत ओटीला ओडि म्हणतात, आणि तिकडंही बाईची ओडि भरतात, तांदळानं, शुभ म्हणून. हे मला तेव्हा आठवलं नाही. स्रवंतीनं धावत जाऊन झाडाखालून माचोळी, बसायची बुटकी बाज, आणली, शकूला दर दहा मिनिटांनी बसवलं, पाणी पाजलं, उन्हात उभं करायलाच तयार होईना. शकू वैतागली. मला मात्र वाटलं, निर्मलची माणसं काय सभ्य असतात.

आठ-दहा दिवस भिंतीपुढं पडदा होता. सोमवारच्या बाजारात तो उतरला.

चित्र फार चांगलं होतं. नाकाजवळचा काळा डाग, उन्हानं बारीक झालेले डोळे, ओठ जरासे उघडे, जणू आता कुणाला तरी टोकणार आहे. मी पहिल्यांदा कुणाचा तरी खरा उजवा खांदा भिंतीवर पाहिला, डाव्यापेक्षा खाली. आणि हळदी पदराखाली गोल, घट्ट, चढतं पोट. सातवा महिना. कमरेवर एक हात. बाजार भिंतीपुढं जमला, आणि मिरच्यांवाली म्हातारी म्हणाली, "नामदेवची हाय नं ते? मले तं कोनी सांगतलंच नाही."

शकूला मूल नाही. हे वाक्य मी इथंच संपवते, कारण तिनंही ते बऱ्याच वर्षांपूर्वी संपवलं होतं.

पहिल्या आठवड्यात मी हसले, खोटं कशाला बोलू. गोष्टीच तशा घडत होत्या. नदीपलीकडून, म्हणजे पैनगंगेच्या पल्याडच्या मामेसासूनं चिंचेच्या गोळ्या आणि निरोप धाडला, पपई खाऊ नको. चहाच्या टपरीवर नामदेवला लोक पाठीवर थापा मारू लागले, तो पाच दिवसांत चहा सोडून बसला. मग ललिता आली. ललिता आमची आशा कार्यकर्ती, मंडल नवं म्हणून तिचं रजिस्टर नवं, कोरं, आणि वरून सारखी विचारणा. ती शकूच्या अंगणात येऊन रागावली, सातव्या महिन्यापर्यंत नाव लपवून ठेवायचं म्हणजे काय. शकू पाटा धूत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "लिव. बाप म्हनून भिंत लिव."

ललिता बिचारी खरंच पेन घेऊन थांबली होती.

आता कुणी विचारेल, रोज स्वतः ओटी बांधणाऱ्या बायकांना ओटी ओळखू कशी आली नाही? नाही आली. चांगल्या साडीखाली पोतं असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? आपण सगळ्या चित्रातल्या बाईकडं चित्रातली बाई म्हणूनच बघतो. बियाण्याच्या पाकिटावर एक शेतकरीण असते, लिपस्टिक लावलेली, दातात एक फट नाही, वेचते कापूस आणि ओटी कुठंच नाही. वेचलेला कापूस ती कुठं ठेवते हे इतक्या वर्षांत आम्ही एकीनंही विचारलेलं नाही. आदिलाबादच्या साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या बाईला मान आहे, छाती आहे, पोट नाही. तिच्या अंगावर पाहून साडी घेतो आणि घरी येऊन स्वतःवर चिडतो. मी ह्याच चिडण्यावर जगते. वीस वर्षं बायका मला सांगतात, इथं जरा लपव, तिथं जरा उचल, आणि मी लपवते आणि उचलते.

दुसऱ्या आठवड्यात माझं हसू थांबलं. शकू बाजाराच्या रस्त्यानं यायची बंद झाली. शेतातून घरी, मागच्या बांधानं, अर्धा कोस वळसा घालून. मी एकदा विचारलं तर म्हणाली पाय मोकळे होतात. दिवसभर वेचणाऱ्या बाईचे पाय कसले मोकळे व्हायचे आहेत. मग एका दुपारी ती माझ्या मशीनजवळ येऊन बसली. बराच वेळ कातरीशी खेळत होती.

"बाई," ती म्हणाली, ती मला बाई म्हणते, "पंधरा वर्सं झाले. लोकं इचारून इचारून थकले, तवा कुठं थांबले. आता थे भिंत रोज इचारून राह्यली."

मी सुईत दोरा ओवायला घेतला.

"थो पदर तूनं घेतला होता," ती म्हणाली आणि उठून गेली.

स्रवंती अजून माझ्याकडंच होती, खालची पानंफुलं रंगवायची राहिली होती. तिला मी सगळं सांगितलं. आधी तिला समजेना, कारण तिच्या मनात शकू गरोदरच होती. पोतं, कापूस, झोळी, हे ऐकल्यावर ती खाली बसली. म्हणाली, अक्का, तूच म्हणालीस ओडि भरली आहे. मी म्हटलं, भरलीच होती. दोघींपैकी कुणी खोटं बोललेलं नव्हतं.

पोट आता पुसायला हवं होतं. पण तोवर साहेबांपर्यंत दुसऱ्या बाजूनं बातमी गेली होती. भिंतीवर गरोदर बाई शेतात राबताना दाखवली आहे, मोठ्या साहेबांना आवडेल का? साहेबांनी एक रात्र विचार केला आणि त्यांना तोड सापडली. चित्र तसंच ठेवायचं, खाली मोठ्या अक्षरांत लिहायचं, तेलुगूत आणि मराठीत, गरोदर मातांनी जड कामे टाळावीत. चित्र वाया जात नाही, वर संदेशही होतो. अक्षरं रंगवणारा दुसऱ्या दिवशी येणार होता. म्हणजे शकू कायमची गरोदर, दोन भाषांत.

मी मशीन झाकलं आणि स्रवंतीला घेऊन दफ्तरात गेले. साहेबांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. चित्र बदलायचं म्हणजे पुन्हा कागद करावे लागतील, ते म्हणाले, आणि बाईचा मान तर राखलाच आहे. स्रवंती तेलुगूत बरंच काही बोलली. ते मान हलवत राहिले. मी विचारलं, साहेब, तुम्हाला ओटी माहीत आहे का? ते म्हणाले, माहीत आहे, गेल्याच महिन्यात माझ्या बहिणीची भरली, तांदूळ मीच नेले.

मग मी बोलणं सोडलं. कोपऱ्यात जुन्या छापील फॉर्मांचा ढीग होता. त्यावर जुन्या, न फुटलेल्या जिल्ह्याचा मथळा, म्हणून सगळे बाद. कारकुनाच्या खांद्यावरचा टॉवेल मागून घेतला, पोटाला ओटी बांधली आणि त्यात ते फॉर्म कोंबले. अख्खा जुना जिल्हा आत गेला. वरून पदर घेतला, गोल केला, एक हात कमरेवर ठेवून उभी राहिले. कारकून पंख्याकडं बघू लागला. साहेब अर्धवट उठले आणि सवयीनं म्हणाले, "बैठो, अम्मा, बैठो." मी पंचेचाळिशीची, दाढी करणाऱ्या मुलाची आई.

पदर बाजूला केला, गाठ सोडली आणि फॉर्म त्यांच्या टेबलावर ओतले.

साहेबांनी फॉर्मांकडं पाहिलं, टॉवेलाकडं पाहिलं. मग हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. म्हणाले, माझी आईपण बांधायची, आमच्याकडंही कापूस होता, पण ती वरून बांधायची, पोतं दिसायचं, पदराखाली कुणी ठेवत नव्हतं. आणि मग साध्या कुतूहलानं त्यांनी विचारलं, "छुपाया क्यूं?"

मी म्हटलं, चांगलं दिसावं म्हणून.

घरी येताना तो प्रश्न डोक्यात वाजत राहिला. स्रवंतीनं जे दिसलं ते प्रामाणिकपणे काढलं होतं, तिळासकट, खांद्यासकट. तिला जे दिसावं ते मी नेसवलं होतं. तिच्या मोबाइलमधल्या त्या खिडकीजवळच्या बायका आठवल्या. त्यांच्याही मागं कुणी पदर सारखा करून बाजूला झालं असेल, आधी हातातलं काम काढून घेतलं असेल, मग हाक मारली असेल. कातडीची शीर न् शीर खरी, आणि बाई खोटी. मला चित्रकलेतलं कळत नाही, पण नेसवण्यातलं कळतं.

साहेबांनी परवानगी दिली. आता अडली ती स्रवंती. म्हणाली, मनानं काढणार नाही, मनानं काढायचं असतं तर निर्मलमध्येच राहिले असते. शकू पुन्हा उभी राहिली पाहिजे. शकूकडं जायला माझे पाय उचलेनात, पण गेले. ती आधी ठाम नाही म्हणाली. एकदा उभी राहिली तर हे झालं, दुसऱ्यांदा काय जुळे दाखवता? नामदेव तिथंच दोरी वळत होता. तो म्हणाला, राहू दे, होईल लोकांना सवय. ते ऐकून शकूचं डोकं फिरलं असावं. ती म्हणाली, "शेतात नाही उभी राहत. भिंतीपाशी राहतो, सोमवारी, बाजार भरल्यावर. ज्यानं ज्यानं इचारलं त्याच्यापुढं."

सोमवारी सकाळी नामदेवनं तिच्यासाठी शर्ट काढला. इस्त्री केलेला. वेचणीच्या शर्टाला इस्त्री मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. शकूनं तो घातला, शेतात गेली, नेहमीसारख्या ओळी वेचल्या आणि भरल्या ओटीनं थेट बाजाराच्या रस्त्यानं आली. मागं वेचणाऱ्या सगळ्या बायका, शर्टात, रुमालात, पोतं बांधलेल्या. भिंतीवर हळदी साडीतली शकू आणि भिंतीखाली ही. मी ह्या वेळी कशालाही हात लावला नाही, दोन्ही हात मागं बांधून उभी होते.

उभं राहायचं म्हणजे दोन-चार तास. भरली ओटी घेऊन कोण इतका वेळ ताटकळेल? स्रवंतीनं पहिल्या रेघा मारेपर्यंत शकूनं धीर धरला, मग खाली चवाळं अंथरायला लावलं, ओटीचं एक टोक सोडलं आणि कापूस खाली ओतला. हळूहळू ओतला, दोन्ही हातांनी, शेवटचा पुंजकाही झटकला. पांढरा ढीग झाला. मिरच्यांवाली म्हातारी पुढं आली, चिमूटभर कापूस उचलून दोन बोटांत चोळला आणि म्हणाली, "कचरा नाही वो एकबी." बस्स. तिनं चौकशीचा तो विषय तेवढ्यात गुंडाळून टाकला.

स्रवंती परांचीवरून ओरडली, म्हणजे बांबूच्या परांचीवर ती चढली होती, की असंच थांबा, ओततानाच काढते. मग जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. पोटाचा प्रश्न मिटला तशी वेचणाऱ्या बायकांना चित्र दिसू लागलं. एक म्हणाली, खोच उजवीकडं काऊन काढली, उजवा हात अडकेल. दुसरी म्हणाली, नखं पाहा, हे वेचणारीचे नखं हायेत? तिनं स्वतःचा पंजा वर धरला, बोटांची टोकं चिरलेली, काळी. स्रवंती खाली उतरली, तो पंजा हातात घेऊन बघत बसली, पुन्हा वर चढली. कुणी म्हणालं शर्टाची बाही इतकी सैल नसते, आणि सगळ्या माझ्याकडं वळल्या, कारण ती मी शिवली होती. कॉलेजात चार वर्षं मास्तरांनी इतके दोष काढले नाहीत, स्रवंती नंतर म्हणाली, आणि एकही चुकीचा नव्हता.

मोठे साहेब येऊन गेले. बाईच्या अंगात पुरुषाचा शर्ट का, एवढंच त्यांनी विचारलं. आमच्या साहेबांनी त्यांना बोंडाच्या पाकळ्या, पोतं, ओटी सगळं समजावून सांगितलं, जणू स्वतःच रोज वेचायला जातात.

ते सगळं मागाहून. त्याआधी, काम संपलं त्या दुपारी, भिंतीपुढं आम्ही तिघीच होतो. शकूच्या घरी हातभर आरसा आहे. स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत तिनं तेव्हाच नीट पाहिलं. चित्रातली ओटी रिकामी लोंबत होती, त्यामुळं शर्टाची शेवटची दोन बटणं लागत नव्हती ते दिसत होतं, आणि त्यांच्या मधून साडीवर आलेलं तिचं स्वतःचं पोट, चाळिशीचं, भाकरीचं, बसल्या जागी घडी पडणारं. स्रवंतीनं ब्रश वर धरून माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडून निघालंच, धंद्याची जीभ, की दोन बोटं आत घे.

"राहू दे, बाई," शकू म्हणाली. "ह्या पोटाचं मले कोनी काही इचारत नाही."